माळ्यावरचं माहेर

मोगलाईतली गोष्ट. मांजरसुंब्याजवळच्या आमच्या गावात कुणी घर पाडायला काढलं, की बिभीषणमामा गाडी जुंपून हजर. तुळया, खुंट्या, वाकडे खिळेसुद्धा आणून गाडीखान्याच्या माळ्यावर कोंबायचा. माळा इतका वाकला, की खाली गाडी मावेना. गाडी उन्हात आणि भंगार सावलीत! गावात कुणाच्या खाटेचा पाय मोडला तर मामा हसत पाय काढून द्यायचा. त्याच्या स्वतःच्या परसातल्या खोलीला मात्र दाराऐवजी गोणपाट.

त्याची बायको भामाबाई आठवड्यातून एकदा तरी कडाडायची, "आता एक फळी जरी आणली, तर मी चालले माहेराला!" तिचं माहेर तेलगावचं. ती कधी गेली नाही. पण जाता येत होतं ना!

एका उन्हाळ्यात तिच्या भावानं तेलगावचं घर मोडलं आणि बिऱ्हाड हैदराबादला हलवलं. आईबाप आधीच गेलेले. भामाबाई रडली नाही, पण भांडायची थांबली. मामानं मुद्दाम एक मोडकं चाक अंगणात आणून टाकलं, तर म्हणाली, "ठेवा की माळ्यावर."

मामा हबकला. मला म्हणाला, "बंकट, लई वंगाळ झालं बे. ही भांडंचना." मग हळूच सांगितलं, "तेलगावचं दार चौकटीसकट माळ्यावर हाय. कडब्याखाली झाकून आणलं. पण भेतो. लाकूड आणलं म्हून निघून गेली म्हंजी?"

"जाईल कुठं?" मी बोलून गेलो आणि जीभ चावली.

भामाबाई कपिलधारला देवदर्शनाला गेली त्या दिवशी आम्ही दार उतरवून परसातल्या खोलीला बसवायला घेतलं. चौकट बुटकी निघाली. मामानं तिला जोड लावू दिला नाही; वरची फट दगडमातीनं बुजवली.

भामाबाई आली. दारापुढं थबकली. दार लोटून आत गेली आणि आतली कडी वाजली. त्या कडीचा एक दुवा तुटल्यावर तिच्या आईनं बैलाच्या घुंगराची कडी अडकवली होती. ती छनछन वाजायची. आतून हुंदका आला. मग हसू आलं. माझ्याच डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू?

मग दार उघडून ती पदर खोचून उभी राहिली. "कावून आणलं हो? एक फळी म्हणले होते, हितं तर अख्खं दार हाय! ऱ्हावा तुमी लाकडं घेऊन. मी चालले माहेराला!"

आणि दोन पावलं मागं सरून तिनं आतून कडी लावली.

एवढा खूश झालेला माणूस मी पाहिला नाही. मामानं दाढी केली, ठेवणीतला फेटा बांधला, फडक्यात गूळ-शेंगदाणे घेतले आणि दिवस कलताना रीतसर बायकोला न्यायला गेला. कडी निघाली. मामा ताठ मानेनं आत शिरला आणि फेटा चौकटीला आपटून खाली पडला.

आतून भामाबाईचा आवाज आला, "वाका जरा. सासुरवाडी हाय तुमची."