गाडी निजवणारे दामले काका

ऑक्टोबर लागला की दामले काका गाडीला निजवत. शब्द त्यांचाच. बॉबलिंगेन या जर्मन गावाबाहेर एका शेतकऱ्याच्या आवारात, उघड्यावर, त्यांची जुनी कॅम्पर व्हॅन हिवाळाभर उभी असे. आत पलंग, छोटी शेगडी. पाण्याची टाकी रिकामी करायची, गाद्या उभ्या ठेवायच्या, कपाटांची दारं उघडी टाकायची, हँडब्रेक न ओढता चाकाखाली लाकडी ठोकळा सारायचा. या कामाला ते दोन दिवस घेत. मी त्यांचा शेजारी, मदतीला जाई. एकदा म्हटलं, "काका, एवढं कशाला?" तर म्हणाले, "अरे, थंडी गाडीला मारत नाही. कोंडलेली ओल मारते. श्वास घेऊ दे तिला."

श्वास हा त्यांच्या घरातला रोजचा विषय होता. काकूंची फुप्फुसं निकामी होत चालली होती. दर एप्रिलमध्ये काका त्यांना उत्तर समुद्रावर नेत. एवढा प्रवास बसून करणं काकूंना झेपत नसे. व्हॅनमध्ये आडवं होऊन जाता येई. "तिथे मला बोलताना मधे थांबावं लागत नाही," काकू सांगत. वर्षभर त्या एप्रिलचीच वाट बघत.

त्या वर्षी ऑक्टोबरात काकूंना हॉस्पिटलात हलवलं आणि काकांनी व्हॅनची किल्ली माझ्या हातात दिली. "सुहास, तू मोटारींचा इंजिनिअर, तुला काय शिकवायचं? तरी सांगतो. कापडी आच्छादनच घाल. आणि दर पंधरा दिवसांनी, कोरडा दिवस बघून, उघडून ठेव जरा."

मला ते कापड फारच विरळ वाटलं. साताऱ्याला माझे वडील पावसाळ्याआधी स्कूटर ताडपत्रीत करकचून बांधत. मी तशीच निळी प्लॅस्टिकची ताडपत्री आणली, चाकांपर्यंत ओढली आणि दोरीने आवळली. आता थेंबही आत जाणार नाही, या विचाराने खूश होऊन घरी आलो. आतली ओल बाहेर कुठून जाईल, हे इंजिनिअरला सुचलं नाही.

"उघडून बघतोस ना रे?" काका फोनवर विचारत.

"हो काका, सगळं कोरडं आहे."

मी एकदाही गेलो नव्हतो. दर वेळी वाटे, या शनिवारी जाऊ.

मार्चअखेर, काकू हॉस्पिटलातून घरी आल्यावर, काका आणि मी व्हॅन आणायला गेलो. ताडपत्री दिसताच काका थबकले. गाठी सोडायला मला वेळ लागला. दार उघडलं आणि वास अंगावर आला. गाद्यांवर, पडद्यांवर, छतावर काळी बुरशी. काका आत चढले, काकूंची उशी उचलली, परत होती तशी ठेवली.

"आल्झो," म्हणाले, म्हणजे जर्मनमध्ये "तर मग". मग खाली उतरताना, "यात तिला नाही नेता येणार."

मी काही बोलणार, तोच त्यांनी हात वर केला. "घरी मी सांगेन. तू गप्प बसायचं."

घरी ते काकूंना म्हणाले, "इंजिनातलं पाणी गोठलं गं, इंजिन तडकलं. ते गोठू नये म्हणून औषध घालायचं मीच विसरलो."

नाकातली ऑक्सिजनची नळी सावरत काकू म्हणाल्या, "अहो, चाळीस वर्षं गाड्यांत काढलीत आणि हे विसरलात? आता समुद्रालाच फोन करा, म्हणावं तूच ये." आणि हसता हसता खोकल्या.

मी समोर बसून चहा पीत होतो. एक वाक्य बोलायचं होतं. कप विसळून ठेवला आणि निघालो.

जूनमध्ये काकू गेल्या. समुद्र राहिलाच.

शरदात काका लेकीकडे बॉनला कायमचे निघाले. त्यांची खोकी खाली उतरवताना जिन्यात मी एकदाचं म्हणालो, "काका, काकूंना खरं सांगायला हवं होतं मी."

ते कठड्याला धरून थांबले. "तिला त्याच दिवशी कळलं होतं रे. माझ्या कोटाला बुरशीचा वास येत होता. तू गेल्यावर म्हणाली, पोराला रविवारी जेवायला बोलवा, नाहीतर तोंड लपवत फिरेल."

त्यांनी मला बोलावलं होतं. एकदा नाही, लागोपाठ चार रविवार. दर वेळी मी ऑफिसचं काम सांगितलं होतं.