एकसष्ट झबली

"चारशे बारा," थोरली म्हणाली आणि थांबली.

धाकटी दोन पावलं मागे, धापा टाकत उभी राहिली. "काय चारशे बारा?"

"पायऱ्या. पुलापासून इथवर. तुझा दम तीनशेलाच संपला होता, पण मी बोलले नाही."

"मग आता बोललात की!"

"मनात ठेवून त्याचं काय लोणचं घालू? चल, अजून सात घरं राहिलीत."

दोघी सख्ख्या जावा. सकाळी आठला निघाल्या होत्या. टेकडीवरची ही वस्ती एका घराच्या छपराला दुसऱ्याचं अंगण टेकलेलं अशी. वर चढायला पायऱ्यांशिवाय वाट नाही. धाकटीच्या काखेत फाइल होती आणि फाइलमध्ये सह्यांचे कागद. वैद्यकीय कॉलेजच्या छातीच्या विभागात ती टायपिंग करते. एरवी तिचं काम खुर्चीतलं. पण सह्या घेताना कॉलेजचं माणूस समोर हवं असा नियम निघाला, आणि बाकीच्यांनी एकदम कामं काढली. म्हणून ही आली.

थोरली मात्र दोन वर्षं या पायऱ्या चढत होती. कॉलेजने टेकडीवरच्या एकसष्ट घरांचा अभ्यास चालवला होता. इथे थंडी कडाक्याची आणि घराघरात कोळशाची शेगडी. पहिल्या हिवाळ्यात घरं होती तशीच ठेवली. दुसऱ्या हिवाळ्याआधी कॉलेजने खिडक्यांना रबराच्या पट्ट्या लावून दिल्या, दाराखालच्या, छपराच्या फटी बुजवल्या. ऊब आत राहिली तर कोळसा कमी लागेल, हे उघडच होतं. प्रश्न पुढचा होता. कोंडलेल्या घरात माणसाच्या छातीचं काय होतं? त्यासाठी प्रत्येक घरात जेवणाच्या डब्याएवढं एक यंत्र ठेवलं होतं. ते बारीक खाचांमधून हवा आत ओढायचं आणि तिच्यातली धूळ नि काजळी मोजायचं.

उत्तर आलं होतं, आणि ते इतकं चांगलं होतं की अभ्यासाच्या प्रमुख डॉक्टरबाईंनी आकडे तीनदा तपासले. कोळसा जवळजवळ निम्मा. आणि घरातली हवा बिघडली तर नाहीच, उलट पूर्वीपेक्षा स्वच्छ! त्या दिवशी डॉक्टरबाईंनी सगळ्या विभागाला चहा पाजला. "घरातील हवेत लक्षणीय सुधारणा दिसून आली," हे वाक्य धाकटीने स्वतःच्या हाताने टाइप केलं होतं, आणि आकडे आपल्या जावेने आणलेले म्हणून करताना तिची मान जरा ताठ झाली होती. अहवाल सोमवारी वर जायचा होता. तो गेला की येत्या हिवाळ्याआधी चार हजार घरांच्या फटी बुजवल्या जाणार होत्या. आज शुक्रवार.

थोरलीला वस्तीत सगळे मोजणीताई म्हणत. त्याआधी ती बावीस वर्षं इस्पितळात तान्ह्या बाळांच्या वॉर्डात आया होती. शिक्षण सातवी. पण बाळाच्या छातीकडे नुसतं बघून मिनिटाला किती श्वास ते सांगायची, आणि नर्सने घड्याळ लावून मोजलं तरी एका-दोनाचाच फरक निघायचा. मोजायचा नाद घरातही. तिचे यजमान म्हणत, "हिच्याशी भांडायची सोय नाही. मी किती वाक्यं बोललो तेही सांगते, आणि त्यातली किती खोटी तेही." अभ्यासाला घरोघर फिरायला आधी दोन पदवीवाले ठेवले होते. त्यांना लोक दारातूनच वाटेला लावायचे. थोरली गेली, चुलीपाशी बसली, आल्यागेल्याची विचारपूस केली, आणि एकसष्टच्या एकसष्ट घरांनी यंत्र ठेवून घेतलं.

यंत्रं ताब्यात देताना भांडारातले गृहस्थ म्हणाले होते, "महागाची वस्तू आहे बाई. धुळीपासून जपा."

ती जपायला लागली. फटी बुजवायचं काम चाललं होतं त्या महिन्यात बसून तिने यंत्रांना घालायला एकसष्ट झबली विणली. बाहेरून लोकर, आतून पांढऱ्या सुती कापडाचं अस्तर, वर एक बंद. वॉर्डात बाळांसाठी टोपडी विणायची तसाच टाका. रबराच्या पट्ट्या लागल्या त्याच आठवड्यात घरोघर एकेक झबलं गेलं, ताईंची भेट म्हणून. लोक यंत्राला बाळच म्हणू लागले. धाकटीने स्वतः दोन संध्याकाळी बसून बंद शिवून दिले होते.

देव माणसाला कुठे उभं करील सांगता येत नाही.

पुढचं घर घड्याळं दुरुस्त करणाऱ्या आजोबांचं होतं. एकच मोठी खोली. खिडकीशी त्यांचं टेबल, टेबलावर चिमटे, उघडी पडलेली घड्याळं, एका बशीत मोहरीएवढे स्क्रू. कोपऱ्यात शेगडी. आजोबा डोळ्याला भिंग लावून बसले होते आणि दर चार-पाच श्वासांनी खोकत होते. आतून नव्हे, वरवर खोकत होते, पाहुण्यांसमोर दाबून खोकतात तसे.

सून हात पुसत पुढे आली. तिचा चेहरा पडला. "अगं बाई, ताई! तुम्ही तर पुढच्या सोमवारी यायच्या!"

"आज मोजायला नाही आले गं. सह्या घ्यायला आले. अभ्यास संपला. ही माझी धाकटी जाऊ, कॉलेजात असते."

"पण बाळाचं झबलं धुवायचं राहिलंय," सून ओशाळून म्हणाली. "तुम्ही यायच्या आदल्या दिवशी धुते ना मी दर वेळी. आज बघवत नाही हो ते. थांबा, निदान झटकून आणते."

"राहू दे. मी काय परकी आहे?" थोरली हसत फळीकडे गेली आणि तिने यंत्रावरचं झबलं काढलं. ते निळं होतं, तिने स्वतः निवडलेली आकाशी लोकर. आता तव्याच्या बुडासारखं झालं होतं. बोटं काळी होऊ नयेत म्हणून तिने ते सहज उलटं केलं.

आतलं अस्तर पांढरं शुभ्र होतं.

तिने परत उलटं केलं. काळं. परत. पांढरं.

आजोबांनी डोळ्याचं भिंग काढलं. "चांगलं केलंत हो ते," ते म्हणाले. "मी घड्याळाला काच बसवतो ती त्यासाठीच. आत कणही जाता कामा नये. बघा, तुमच्या बाळाला डाग नाही लागला." आणि खोकला आला म्हणून त्यांनी तोंड फिरवलं.

थोरली शेगडीपाशी मटकन खाली बसली.

धाकटीला आधी वाटलं, चक्कर आली. ती पाणी आणायला वळली. मग तिची नजर त्या झबल्यावर गेली आणि पाणी तिथेच राहिलं. तिच्या डोक्यात तिने टाइप केलेलं वाक्य उभं राहिलं, अक्षर न् अक्षर. लक्षणीय सुधारणा. सगळी काजळी लोकरीत अडकत होती. यंत्र हिवाळाभर गाळलेली हवा मोजत होतं. आणि न गाळलेली हवा माणसं ओढत होती.

"ताई," ती एवढंच म्हणाली.

"आजोबांची फुंक," थोरली पुटपुटली. दर महिन्याला ती घरातल्या प्रत्येकाला एका नळीत फुंकायला लावायची, छातीचा जोर कळावा म्हणून. "पहिल्या हिवाळ्यात तीनशे दहा. औंदा दोनशे चाळीस. मी समासात लिहिलं होतं. कॉलेजात म्हणाले, वय झालं. मी म्हटलं, असेल. हवा तर चांगली आहे." तिने आजोबांकडे पाहिलं. "आपल्या आकड्यांनीच मला गप्प केलं गं."

"काय झालं ताई? माझं काही चुकलं का?" सून रडवेली झाली. "मी थंड पाण्यातच धुवायची, लोकर आटू नये म्हणून..."

"तुझं काही नाही चुकलं, पोरी." थोरली उठली, खिडकीशी गेली आणि रबराच्या पट्टीत नख खुपसून तिने ती खेचली. पट्टी टरटर करत निघाली. गार वारा सरळ आत आला नि टेबलावरचे कागद उडाले.

"अहो ताई, थंडी!"

"थंडीला पांघरूण आहे. ही फट बुजवू नकोस. शेगडी पेटली की खिडकी चार बोटं उघडी. कोळसा जास्त जाईल, जाऊ दे. ऐकशील ना माझं?"

सुनेने मान हलवली. तिला काही कळलं नव्हतं, पण ताईंचं तिने दोन वर्षं ऐकलं होतं. धाकटीला त्या क्षणी भीती वाटली ती याच गोष्टीची. ताई म्हणाल्या बंद, की बंद. ताई म्हणाल्या उघड, की उघड.

राहिलेली सहा घरं त्यांनी केलीच नाहीत. त्या उतरू लागल्या, आणि सकाळी ज्या दारांतून सह्या घेऊन हसत बाहेर पडल्या होत्या तीच दारं पुन्हा ठोठावत गेल्या. आज कुणाला आगाऊ निरोप नव्हता, त्यामुळे कुणाचंच झबलं धुतलेलं नव्हतं. शिंपिणीकडचं पिवळं. बाहेरून काळं, आतून पांढरं. जुळी नातवंडं सांभाळणाऱ्या आजीकडचं हिरवं. तेच. ती आजी म्हणाली, "सकाळी सही घेतलीस, आता झबलं घेऊन चाललीस. उद्या येऊन शेगडी नेशील!" थोरली एरवी तिला सव्वाशेर उत्तर द्यायची. आज तिने झबलं पिशवीत टाकलं आणि खिडकीकडे वळली. चौथं घर. पाचवं. पट्ट्या निघाल्याचा तो टरटर आवाज धाकटीच्या कानात बसला. पायऱ्या उतरताना थोरली मोजत नव्हती. ते धाकटीच्या लक्षात आलं आणि तिने मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं. दुसरं काय करणार?

पुलाशी आल्यावर धाकटी न राहवून म्हणाली, "ताई, कुणाला सांगायलाच हवं का लगेच? सोमवारपर्यंत विचार करू. तुमची नोकरी..."

"चार हजार घरं," थोरली म्हणाली. "प्रत्येकी पाच माणसं धर. तू टायपिस्ट आहेस, तुलाही गुणाकार येत असेल."

डॉक्टरबाई आपल्या खोलीत उशिराचा डबा खात होत्या. थोरलीने टेबलावर पाच झबली मांडली, काही सुलटी, काही उलटी. डॉक्टरबाईंचा घास हातातच राहिला.

"हे काय आहे?"

"यंत्रांवर होतं. हिवाळाभर."

"पण तुम्ही दर महिन्याला यंत्रांचे फोटो आणता, त्यांत तर कुठेच..."

"फोटोपुरतं काढत होते. यंत्राचा नंबर दिसायला हवा ना."

"किती घरांत?"

"एकसष्ट. मीच विणली. मला कुणी सांगितलं नव्हतं."

डॉक्टरबाईंनी डबा बाजूला सारला. एक झबलं उचललं, खिडकीच्या उजेडात धरलं. त्यांचा चेहरा असा झाला की धाकटीने नजर खाली घातली. त्यांनी झबलं उलटं करून अस्तरावरून बोट फिरवलं. मग डॉक्टरबाई अगदी हळू म्हणाल्या, "दोन वर्षांत मी एकदाही त्या पायऱ्या चढले नाही. एकदा जरी आले असते!" आणि त्यांनी फोन उचलून सांगितलं की अहवाल सोमवारी येणार नाही, फटी बुजवायचं काम थांबवा. पलीकडचा माणूस आवाज चढवून बोलत होता, तो दारापर्यंत ऐकू येत होता. डॉक्टरबाई फक्त "हो, थांबवा" एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या.

फोन ठेवून त्या धाकटीकडे वळल्या. "एक पत्र टाइप करा. यंत्रांमधील तांत्रिक बिघाडामुळे दुसऱ्या हिवाळ्याचे आकडे रद्द. बाईंचा उल्लेख कुठेही नको. मी सांभाळून घेईन."

किती मोठ्या मनाची बाई! धाकटीच्या डोळ्यांत पाणीच आलं. ती बाहेर आपल्या टेबलाशी आली, कागद चढवला आणि पहिली ओळ टाइप केली. थोरली मागे येऊन उभी राहिली. तिने खांद्यावरून वाचलं. तिची बोटं अजून काळीच होती.

"ते काढ," ती म्हणाली.

"ताई, त्या स्वतः म्हणाल्या ना..."

"त्यांचं मन मोठं आहे. पण यंत्र कुठे बिघडलं होतं? हे वाचून लोक नवीन यंत्रं घेतील. ती घेऊन माझ्यासारखीच कुणीतरी बाई घरोघर जाईल, आणि तिलाही कुणी सांगेल, धुळीपासून जपा." तिने खुर्ची ओढली आणि जावेच्या शेजारी बसली. "मी सांगते तसं लिही. इथेही, आणि तुझ्या त्या वहीतही. घरी तू लिहीत बसतेस, मला काय दिसत नाही? लिही की झबली मोजणीताईने विणली. एकसष्ट. यंत्र कशासाठी आहे हे तिने कुणाला विचारलं नाही, आणि तिला कुणी सांगितलं नाही. आजोबांची फुंक उतरत होती तेव्हा तिने आपल्या डोळ्यांवर विश्वास ठेवला नाही, आकड्यावर ठेवला. एवढं सगळं लिही. फक्त एक कर माझ्यासाठी. चांगल्या मनाने केलं, असं कुठे लिहू नकोस. तेवढं वाचलं की माणसं हळहळतात आणि पुढचं वाचत नाहीत."