भागाबाईंचं परतीचं तिकीट

या गोष्टीला महिना होऊन गेला. मी इंदिरानगरला बाल्कनीत मेथी निवडत बसले होते आणि भागाबाईंच्या नंबरवरून फोन आला. मी आपलं सवयीने म्हटलं, "बोला बाई, आज कशी आठवण आली?" पलीकडून पुरुषाचा आवाज... "आजी, मी गाडीचा कंडक्टर बोलतोय." गाडी हरसूलहून गावात परतली होती आणि माझ्या थोरल्या जाऊबाई खिडकीशी बसल्या जागीच गेल्या होत्या. कुठल्या वळणावर, ते कुणालाच ठाऊक नाही.

आमचं गाव हरसूलच्या अलीकडे, फाट्यावरून आत, डोंगरात. मी लग्न होऊन आले तेव्हा सकाळी घराघरातून धूर निघायचा. आता निम्म्या घरांना कुलपं. कुणी गिरणाऱ्याला द्राक्षाच्या कामाला, कुणी सातपूरला कंपनीत, आणि आम्ही इथे मुलाच्या फ्लॅटवर. माणसं कमी झाली तशा गाड्याही कमी झाल्या. राहिली सकाळची एकच. तिच्यातून गावातल्या सहा मुली हरसूलच्या शाळेला जायच्या. मग डेपोतून निरोप आला, बसायला माणसं नसली तर हीसुद्धा बंद करावी लागेल.

भागाबाईंनी काय करावं? स्वतःच जाऊन बसायला लागल्या. काम काही नाही. हरसूलला जायचं, खाली उतरायचंही नाही, त्याच गाडीने परत. लोक म्हणायचे, म्हातारी हवा खायला निघाली. त्या म्हणायच्या, घरी बसून शेंगा सोलते त्या गाडीत सोलते, तुमचं काय जातंय? पोरींनाही सोलायला लावायच्या. पंचाहत्तरी झाली, तिकीट माफ झालं, तेव्हा कंडक्टरला पेढा दिला आणि बजावलं, फुकटचं असलं तरी फाडायचं, माझं एक माणूस मोजलं गेलं पाहिजे.

मी शाळेत गेलेली नाही. बाई चौथी शिकलेल्या. फाट्यावर उभ्या राहून गाडीच्या पाट्यांवरून त्यांनीच मला अक्षरं शिकवली. आज हे लिहितेय ते त्या जोरावर.

दिवाळीनंतर इथे आल्या होत्या. चहाचा कप तसाच ठेवून म्हणाल्या, "मंदे, पुढच्या आठवड्यात रोज माणसं मोजणार हायेत. तू ये. काय करायचं नाय, नुसतं बसायचं. एक माणूस वाढंल."

मी म्हटलं, गुडघा लय दुखतो बाई, बघते. गुडघा दुखत होता, खोटं नाही. पण त्याच आठवड्यात मी सोसायटीच्या हळदीकुंकवाला चार मजले चढून गेले... हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

मोजणीच्या आठवड्यात बाईंना ताप होता. शेजारणीने अडवलं तर म्हणाल्या, उद्या संपतेय मोजणी, मग झोपते. त्या शेवटच्या दिवशीच त्या गेल्या.

दहाव्याला गेले तेव्हा कंडक्टर कोपऱ्यात उभा होता. पोरगेलाच आहे, पण त्या दिवशी म्हातारा दिसत होता. खिशातून तिकीट काढून माझ्या हातात ठेवलं. "हरसूलहून निघताना फाडलं, आजी. त्यांना डोळा लागलाय असं वाटलं, म्हणून उठवलं नाही. तेव्हा त्या होत्या की नव्हत्या, मला सांगता येत नाही."

गाडी चालू राहिली. मुली जातात. त्या खिडकीशी अजून कुणी बसत नाही म्हणे.

ते तिकीट मी चष्म्याच्या डबीत ठेवलंय. मशीनचा कागद, अक्षरं उडत चालली आहेत. नातू म्हणतो, आजी, फोटो काढून ठेवू. मी पेनाने गिरवते. गावाचं नाव गिरवलं, हरसूल गिरवलं, तारीख गिरवली. प्रवाशांच्या पुढचा एकचा आकडा तेवढा राहिलाय. रोज डबी उघडते, पेन टेकवते आणि हात थांबतो. तेव्हा बाई होत्या की नव्हत्या, देवाला ठाऊक... मी नव्हते, एवढं पक्कं.