मधातला चेंडू

टेनिसच्या एकेरीत माझी डाळ पहिल्या दोन वर्षांतच शिजेनाशी झाली. दुहेरीत मात्र मी नऊ वर्षं टिकले, कारण शेजारी ती होती. ती केरळची, मी विदर्भातल्या इंझोरीची. माझी सर्व्हिस असली की ती जाळीपाशी उभी राहून पाठीमागे बोटांनी खूण करायची आणि चेंडू कुठे टाकायचा ते मला कळायचं. बोलायची फारशी गरजच पडत नसे.

गेल्या वर्षी एका सामन्यात डोक्यावरचा चेंडू मारताना तिचा खांदा गेला. ऑपरेशन झालं. तिच्या घरी सांभाळणारं कुणी नव्हतं, म्हणून मी तिला इंझोरीला घेऊन आले.

आईने पहिल्याच दिवशी विचारलं, "हे पोरगी काहून बोलून नाही राह्यली?"

"तिले मराठी येत नाही, आई."

"जेवता तर येते ना?" म्हणत आईने तिला ताट वाढलं. हात वर जात नाही हे पाहून दुसऱ्या दिवसापासून आईच तिची वेणी घालू लागली.

त्याच सुमारास मला दुसऱ्या एका खेळाडूचा फोन आला. परदेशी स्पर्धांसाठी तिला जोडीदार हवी होती. मी चार दिवस ही गोष्ट लपवली. एका सकाळी वेणी घालून घेता घेता ती हिंदीत म्हणाली, "तू जा. त्या फोनचं मला माहीत आहे."

"तू बरी होईपर्यंत मी थांबते."

"खांदा बरा होईल. सर्व्हिस परत येणार नाही."

मी आईला मराठीत सगळं सांगितलं. आईचा हात क्षणभर थांबला. "तू जाय," ती म्हणाली. "हे राह्यते माह्यापाशी."

मी गेले आणि नव्या जोडीदारासोबतचा पहिलाच सामना हरले. दोघींच्या मधून येणारे चेंडू मी सोडून देत होते. नऊ वर्षं ते तिने घेतले होते. हॉटेलवरून घरी फोन लावला, तो तिनेच उचलला. तिने मोबाइलवर सामना पाहिला होता.

"मधातला बॉल आता तू घेत जाय," ती म्हणाली. आईसारखं, अगदी त्याच हेलात.

मला हसू आलं.

पुढच्या आठवड्यात आम्ही दोन फेऱ्या जिंकलो. शेतातली तूर सोंगेपर्यंत, पीक कापून होईपर्यंत, ती इंझोरीत राहिली. आता तिच्या गावी मुलींना टेनिस शिकवते. दर रविवारी फोन करते, तो आईला. माझी खुशालीही ती आईलाच विचारते.