वहिनीची गाडी, आप्पांची हवा

टायरच्या दुकानात तिला सगळे वहिनीच म्हणतात. सायकलमध्ये हवा भरायला आलेलं शाळकरी पोरगंही आणि पिकल्या मिशांचा ट्रक ड्रायव्हरही. सुरुवातीला नवं गिऱ्हाईक दारातून डोकावायचं आणि विचारायचं, "कारागीर कुठाय?" वहिनी हातातली पहार खालीसुद्धा ठेवायची नाही. म्हणायची, "समोर उभाय. चाक काढू, की नुसतंच बघत बसणार?"

दुकान सासऱ्यांचं, आप्पांचं. चाळीस वर्षं चालवलं. मग त्यांची कंबर गेली आणि वहिनी गल्ल्यावरून उठून थेट जॅकपाशी जाऊन बसली. काम शिकली ती आप्पांच्याच शिव्या खाऊन. नवरा विम्याच्या ऑफिसात. त्याला पाना आणि पक्कड यांतला फरक आजही कळत नाही, पण बायकोचं कौतुक सांगायला लागला की समोरचा कंटाळतो, हा नाही.

आणि आप्पा म्हणजे काय माणूस! रस्त्यात उभ्या परक्या गाडीचं टायर बसलेलं दिसलं की मालकाला हुडकून आणणार. "कमी हवेवर गाडी चालवतोस? टायरचा जीव घेतोस का?" हवा भरून झाली की बोटाला थुंकी लावून वॉल्व्हवर टेकवणार, बुडबुडा येतो का बघणार, मगच वॉल्व्हची टोपी लावणार. लग्नाला गेले तरी पार्किंगमध्ये हेच.

घरची गाडी सात जणांची, राखाडी, दहा वर्षं जुनी. दळण, शाळा, दवाखाना, सगळं तीच करते. वहिनीनं चार महिने दर रविवारी तिच्यावर हात चालवला. स्प्रिंगवर ठोकळे घालून गाडी दोन इंच उचलली. जाड खाचांची टायरं चढवली. पोटाखाली लोखंडी पत्रा बसवला, तोही स्वतः मापं घेऊन, कापून, भोकं पाडून. फार काही नाही, पण जे केलं ते चोख.

आप्पा बघून तडकले. "घरची गाडी आहे ती. सर्कस नाही."

"डोंगरातल्या वाटेनं एकदा नेऊ द्या आप्पा. मग बोला."

"ने. मीही येतो. पण दुसऱ्याच्या दोरीनं ओढून काढायची पाळी आली, तर हे सगळं उतरवायचं. गाडी होती तशी करायची. आणि परत त्या गाडीला पाना लावायचा नाही. कबूल?"

"कबूल."

म्हणाली खरी, पण डाव मोठा होता. दुकानात ती दिवसभर दुसऱ्यांचं बिघडलेलं जागेवर आणायची. स्वतःच्या डोक्यानं केलेली अशी ही एकच वस्तू होती तिची.

रविवारी सकाळी फाट्यावर, डोंगरवाटेनं गाड्या घालायची हौस असलेल्यांच्या, वहिनीची धरून पाच गाड्या जमल्या. बाकीच्या चार म्हणजे काय थाट! टपावर दिव्यांची रांग, पुढं अडकलेली गाडी ओढायचं दोरीचं यंत्र, बाजूला फावडी. वहिनीच्या गाडीत पुढं आप्पा, मागच्या सीटवर नवरा आणि बिस्किटांचा चुरा. म्होरक्याला सगळे कॅप्टन म्हणायचे. आठवडाभर तो दवाखान्यात लोकांचे दात काढायचा, रविवारी कॅप्टन.

एक काळ्या चष्म्याचा गडी म्हणाला, "वहिनी, वाट चुकलात काय? बाजार मागं राहिला."

"बाजार करूनच आलेय. तुम्हाला काही लागलं तर सांगा, दोरी सोडून."

कॅप्टनचा पहिला हुकूम असा, की सगळ्यांनी टायरची हवा बत्तीसवरून अठरावर आणायची. हवा कमी केली की टायर पसरतं आणि वाळू-दगड धरून चालतं. वहिनीनं चारी टायरांची हवा सोडली. आप्पांनी तोंड फिरवलं, जणू शेजारी कुणाचं ऑपरेशन चाललंय.

पहिला टप्पा दगडांचा. एका ठिकाणी खालून खर्रर्र आवाज आला. आप्पांनी डोळे मिटले, मागं नवऱ्यानं श्वास धरला. पत्र्यानं दगड झेलला आणि गाडी पुढं निघाली. कॅप्टननं लांबूनच अंगठा दाखवला. आप्पा खिडकीबाहेर बघत बसले, पण आधी सीट आवळून धरलेला हात त्यांनी सोडला.

पुढं वाळूचा चढ होता. कॅप्टन सगळ्या ड्रायव्हरांना घेऊन चालत वर गेला, कुठून चढायचं ते दाखवायला. परतायला पाऊण तास लागला. आल्या आल्या चढाई सुरू. दोन गाड्या गेल्या. तिसरी वहिनीची. निम्म्यापर्यंत छान चढली आणि मग चाकं जागच्या जागी फिरायला लागली. वाळू उडाली, मागची चाकं खाली रुतायला लागली. वहिनीनं लगेच ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला.

वरून कॅप्टन ओरडला, "दोरी आणू का?"

वहिनी उतरली. टायर बघितलं आणि ओळखलं. अठरावर असं छाती काढून उभं राहत नाही टायर. लाथ मारली तर टणक. वॉल्व्हभोवतीची धूळ बोटाएवढी ओली होऊन चिकटली होती.

नवरा उतरून आला. तिनं हळूच विचारलं, "हवा कुणी भरली?"

"आप्पांनी. डिकीत पंप सापडला त्यांना. मी नळी धरली. मला वाटलं, तूच सांगून गेलीस."

तोवर कॅप्टन दोरी घेऊन खाली पोचला. मागून काळा चष्मा. "काय झालं?"

"हवा जास्त राहिली माझ्याकडून."

"टायरच्या दुकानवालीकडून?" काळा चष्मा खिदळला.

वहिनीचे कान तापले. पण घरच्या माणसाला चारचौघांत उघडं पाडायचं तिच्या रक्तातच नाही.

तेवढ्यात पुढचं दार उघडलं. आप्पा कंबर धरून वाळूत उतरले.

"तिच्याकडून नाही. मी भरली."

काळ्या चष्म्यानं हसू आवरलं.

"बसलेलं टायर बघवत नाही मला. ती वर गेली तशी हात शिवशिवायला लागले. ती बिचारी अठरावरच ठेवून गेली होती." मग कॅप्टनकडं वळले. "डॉक्टर, ती दोरी गुंडाळा. तिची गाडी अडकलेली नाही. ती मी अडकवलीय, मीच काढतो."

आणि ज्या माणसानं जन्मात कधी आपणहून चांगल्या टायरची हवा सोडली नव्हती, तो वाळूत गुडघे टेकून बसला. वॉल्व्हची पिन दाबली. कान टायरला लावला. फुस्स आवाज ऐकत राहिला आणि मधेच अंगठा काढला. गेज नाही, काही नाही. असं चारी टायरांना केलं. वहिनीनं उठायला हात दिला, तो झटकला.

कॅप्टननं गेज लावून बघितलं. अठरा. अठरा. अठरा. चौथं साडेसतरा.

"त्या बाजूला कानात वाळू गेली," आप्पा म्हणाले.

वहिनीनं चाकांमागची वाळू हातांनी उपसली. "आप्पा, तुम्ही चालत या वर. तेवढंच वजन कमी."

"मी बसणार. गाडी घरची आहे, घरच्या माणसांसकट चढली पाहिजे."

तिनं गाडी आपल्याच चाकोरीतून हळूहळू मागं घेतली, कडक जमीन लागेपर्यंत. मग दुसरा गिअर टाकला आणि निघाली. निम्म्यावर गाडी जरा डगमगली. वहिनीनं पाय हलवला नाही. स्टिअरिंग किंचित डावीउजवीकडं करत राहिली. टायरांनी वाळू धरली आणि राखाडी गाडी माणसांसकट, बिस्किटांच्या चुऱ्यासकट वर आली. दोरी कॅप्टनच्या खांद्यावर तशीच.

वर पोचल्यावर चष्मा काढून तोच गडी गाडीखाली डोकावला. "हा पत्रा कुठल्या गॅरेजात बसवला हो?"

वहिनी तोंड उघडणार, त्याआधी आप्पा बोलले. "गॅरेज कसलं! आमच्या सुनेनं बसवलाय. मापं तिची, डोकं तिचं. मी नकोच म्हणत होतो." ही शेवटची गोष्ट त्यांनी अशा ताठ मानेनं सांगितली, जणू तोही त्यांचाच पराक्रम.

मग ते गाडीच्या मागं गेले, वाकले, एक डोळा मिटून बघितलं.

"सूनबाई, मागनं जरा बसतेय. घरी गेल्यावर मागचे ठोकळे अर्धा इंच वाढव."

वहिनीला हसू फुटलं. ते लपवायला तीही शेजारी वाकली. "अर्ध्यानं काय होतंय? पाऊण घालते."

"अर्धा म्हटलं ना!"

"तुमचं वजन धरलंय का त्यात?"

नवरा समोर मोबाइल धरून उभा होता. "अहो, फोटोला तरी वर बघा की!" कुणी बघितलं नाही. त्या दिवसाचा घरात एकच फोटो आहे. त्यात मागं डोंगर आहे, राखाडी गाडी आहे आणि तिच्याखाली डोकं घालून भांडणाऱ्या दोघांच्या पाठी आहेत. नवरा तो ऑफिसात सगळ्यांना दाखवतो. डावीकडची बायको, उजवीकडचे आप्पा, असं बोट ठेवून सांगतो.