काळी चारची पट्टी

तारबाईंना तारबाई का म्हणतात हे विचारायची वेळ कुणावर येत नसे. त्यांचा सूर एकदा तार सप्तकात चढला की हॉलच्या मागच्या रांगेतली कुजबुज थांबायची आणि दारातला वॉचमनसुद्धा मान वळवून आत बघायचा. खरं नाव आता फक्त नवऱ्याला आणि बँकेला ठाऊक होतं. आठवडाभर त्या नवऱ्याच्या टेलरिंगच्या दुकानात काजं करायच्या, बटणं लावायच्या आणि सुट्टीच्या दिवशी इस्त्रीची साडी नेसून गायला जायच्या. कधी कंपनीचा वर्धापनदिन, कधी कुणाच्या निवृत्तीचा समारंभ, कधी हॉटेलातली संध्याकाळ.

एकेकाळी त्यांच्यामागे सहा-सात जणांचा ताफा असायचा. ड्रमवाला परदेशी गेला, गिटारवाल्यानं गाड्यांचं गॅरेज काढलं, बासरीवाल्याला दम लागायला लागला. उरला तो धाकटा दीर, कीबोर्डवाला. त्यानं हार मानली नाही. घरी बसून एकेका गाण्याची मिडी फाइल बनवली. पेनड्राइव्ह कीबोर्डला लावला, बटण दाबलं की ड्रम, बास, व्हायोलिनं सगळं आपोआप सुरू व्हायचं आणि वरची सुरावट तो स्वतः उजव्या हातानं वाजवायचा.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तारबाईंनी विचारलं होतं, हे टेपरेकॉर्डरसारखंच ना? दिरानं समजावलं, की नाही, टेपमध्ये आवाज भरलेला असतो. यात नुसते हुकूम असतात. आता ड्रम वाजव, आता बास, एवढ्या जोरात, एवढा वेळ. कीबोर्ड हुकूम वाचतो आणि वाजवतो. तारबाई हसून म्हणाल्या, बरं झालं, जेवणाच्या सुट्टीवरून भांडणारे वादक गेले, मुकाट ऐकणारे आले. हुकूम ज्याच्या हाती, त्याला ते बदलताही येतात, एवढा पुढचा विचार त्यांनी केला नाही. करायचं कारणही नव्हतं.

कारण त्यांना स्वतःच्या गळ्याबद्दल खात्री होती. त्यांची पट्टी काळी चार, म्हणजे कीबोर्डच्या चौथ्या काळ्या पट्टीवर त्यांचा सा. लग्नाआधीपासून काळी चार आणि आता नातवंडं शाळेत जायला लागली तरी काळी चारच. त्यांच्या बरोबरीच्या गायिका एकेक करून खाली उतरल्या. कुणी पांढरी पाचवर आली, कुणी त्याहून खाली, कुणी गाणंच सोडलं. तारबाई त्यांच्याशी प्रेमानं बोलायच्या, पण घरी आल्यावर पदर सोडता सोडता नवऱ्याला सांगायच्या, "गळा सांभाळावा लागतो. आइस्क्रीम खायचं आणि मग पट्टीला दोष द्यायचा, याला काय अर्थ आहे?" नवरा मान डोलवायचा आणि सुईत दोरा ओवत बसायचा.

कार्यक्रम सुरू होण्याआधी त्यांची एक ठरलेली सवय होती. दिराच्या खुर्चीमागे जाऊन विचारायचं, "भाऊजी, काळी चार ना?" दीर काळी चारवर बोट ठेवून म्हणायचा, "हे बघा वहिनी, काळी चार." त्या डोळ्यांनी बघायच्या आणि निश्चिंत होऊन माइककडे जायच्या.

मग एकदा दीर स्पीकर उतरवताना जिन्यावरून घसरला आणि उजवं मनगट मोडलं. हात प्लास्टरमध्ये. पुढचा कार्यक्रम एका कारखान्याचा होता, हॉल ठरलेला, पाहुणे बोलावलेले. दिरानं एका ओळखीच्या हॉटेलातल्या कीबोर्डवाल्याला बदली म्हणून पाठवलं. तो स्वतःचा कीबोर्ड घेऊन येणार होता. दिरानं पेनड्राइव्ह नवऱ्याच्या हाती दिला आणि दुखण्याच्या गोळीनं झोपून गेला. त्याला सांगायचं होतं ते राहून गेलं, की सुचलंच नाही, हे त्यालाही पुढं नीट सांगता आलं नाही.

बदली वादक सज्जन माणूस होता. तारबाईंनी त्यालाही विचारलं, काळी चार ना? तो म्हणाला, फाइल काळी चारचीच आहे ताई.

हॉल भरला होता. पुढच्या रांगेत कारखान्याचे मालक, त्यांच्या आई, मागे कामगार आणि त्यांच्या घरची माणसं. ड्रमचे चार ठोके पडले आणि तारबाईंना वाटलं, आज कीबोर्ड घाईत आहे. मुखडा त्यांनी कसाबसा पकडला. शब्द तोंडात एकमेकांवर आदळत होते. श्वास घ्यायला नेहमीची जागा आली आणि घेण्याआधीच निघून गेली. तरी त्यांना भीती वाटली नाही. नवा माणूस आहे, होतं असं. अंतऱ्यात आपला हुकमी सूर आहे, तिथे सगळं भरून निघेल.

अंतरा आला. त्यांनी डोळे मिटले, हात वर नेला आणि सूर लावला. सूर लागला नाही. नुसता चुकला असता तर सावरून घेतला असता. पण गळ्यातून किरर्र असं काहीतरी फाटल्यासारखं निघालं, दार करकरावं तसं, आणि मग काहीच नाही. मागे व्हायोलिनं आपली निर्धास्त वर चढत राहिली.

तारबाईंनी डोळे उघडले. हात अजून वरच होता. मालकांच्या आई आपल्या चपलांकडे बघत होत्या. त्यांनी ते दयेनं केलं होतं आणि तेच तारबाईंच्या काळजात सुरीसारखं गेलं. बदली वादकानं पट्टी खाली आणू का असं खुणेनं विचारलं. त्यांनी जोरानं मान हलवली. दुसऱ्या अंतऱ्यात पुन्हा सूर लावला, पुन्हा तेच. या वेळी कुणीतरी हसलं. लहान मूल असेल. तारबाई माइक स्टँडला लावून खाली उतरल्या आणि पडद्यामागच्या खुर्चीवर बसून राहिल्या. डोळ्यांत पाणी नव्हतं. एवढ्या वर्षांचा गळा एका संध्याकाळी जातो कसा, हेच त्यांना कळेना. त्यांना वाटलं, आपल्याला काहीतरी मोठा आजार झाला आहे.

बदली वादक पाणी घेऊन आला. त्याला वाईट वाटत होतं. त्या म्हणाल्या, तुम्ही पट्टी चढवली होती का? तो म्हणाला, नाही हो ताई, आहे तीच वाजवली. मग आवाज खाली आणून म्हणाला, "तुमचे दीर नेहमी तीन अर्धे सूर उतरवून वाजवतात. मी एकदा तुमचा कार्यक्रम ऐकायला आलो होतो, तेव्हा कीबोर्डच्या पडद्यावर उणे तीन दिसलं होतं. आज तुम्हीच काळी चार म्हणालात, म्हणून मी उतरवलं नाही."

तारबाईंना वाक्य ऐकू आलं, पण अर्थ डोक्यात शिरायला वेळ लागला. त्या म्हणाल्या, अहो, पण मी स्वतः बघते, बोट काळी चारवर असतं. त्यानं त्यांना आपल्या कीबोर्डजवळ नेलं, पट्टी उतरवायचं बटण तीनदा दाबलं आणि काळी चार दाबली. वाजली पांढरी चार. बोट काळी चारवरच होतं.

तारबाई त्या बोटाकडे बघत राहिल्या.

घरी न जाता त्या थेट दिराकडे गेल्या. नवरा मागून येत होता. दीर उशीला टेकून बसला होता. त्यांचा चेहरा बघूनच त्याला समजलं.

"कधीपासून, भाऊजी?"

दीर प्लास्टरच्या कडा चाचपायला लागला. मग त्यानं सांगितलं. त्यांना मागे तो लांबलेला खोकला झाला होता, त्यानंतर पहिल्यांदा अर्धा सूर उतरवला. वाटलं, बऱ्या झाल्या की परत चढवू. पण चढवला की चेहऱ्यावर शिरा दिसायच्या. मग राहू दिला. काही वर्षांनी आणखी अर्धा. मग आणखी. टेप असती तर खाली आणताच गाणं रेंगाळलं असतं, लगेच कळलं असतं. मिडीत हुकूम तेवढे बदलतात, ड्रमला काही कळत नाही आणि ऐकणाऱ्यालाही नाही.

"आणि लय?" तारबाईंनी विचारलं. त्यांना एकदम आठवलं होतं, श्वासाची निसटलेली जागा.

दीर डाव्या हातानं उशी सारखी करायला लागला.

"भाऊजी, लयसुद्धा?"

"थोडी," तो म्हणाला. "तुम्हाला श्वास पुरावा म्हणून."

तारबाई भिंतीला टेकल्या. पट्टी गेली हे त्यांनी रस्त्यात कसंबसं पचवायला घेतलं होतं, पण हा दुसरा दणका होता. म्हणजे टाळ्या कशाला पडत होत्या? आपण त्या गायिकांना घरी बसून नावं ठेवत होतो आणि त्यांच्याही खाली गात होतो. त्या वळून नवऱ्याकडे बघायला गेल्या, काहीतरी आधाराचं मिळेल म्हणून, तर नवरा कोपऱ्यातल्या स्टुलाकडे बघत उभा होता. नको तेवढं लक्ष देऊन.

"तुम्हालाही माहीत होतं?"

"अगं," नवरा म्हणाला, "मी जुन्या गिऱ्हाइकांच्या पँटी कमरेत सैल करून देतो. त्यांना सांगत बसतो का? ते आरशात बघतात, खूश होतात, जातात."

एरवी या वाक्यावर त्या हसल्या असत्या. त्या दिवशी त्यांनी पिशवी उचलली आणि बाहेर पडल्या. मुलीला फोन केला, तर तीही म्हणाली, आई, मला वाटलं तुला माहीत आहे. म्हणजे घरात एकट्या त्याच अनभिज्ञ होत्या, ज्यांचा गळा होता त्या.

पुढे बरेच दिवस त्यांनी तोंडातून सूर काढला नाही. स्वयंपाक करताना गुणगुणायची सवय होती, तीही गेली. दुकानात काजं करताना मध्येच हात थांबायचा. नवऱ्याशी बोलणं कामापुरतं. रागही नेमका कुणावर धरावा कळत नव्हतं. दीर वाईट वागला म्हणावं, तर त्यानं केलं ते त्यांच्यासाठीच. चांगला वागला म्हणावं, तर त्यांना भरल्या हॉलसमोर उघडं पाडलं ते त्याच चांगुलपणानं. सगळ्यात जास्त धक्का याचा होता की त्यांच्या स्वतःच्या कानांनी त्यांना काही सांगितलं नाही. ऐकायला कान होते आणि त्या बोटाकडे बघत राहिल्या.

दिराचं प्लास्टर निघालं त्या आठवड्यात त्या अचानक त्याच्या दारात उभ्या राहिल्या. आत येऊन म्हणाल्या, लावा मशीन. पडदा माझ्याकडे फिरवा. शून्यावर आणा.

शून्यावर त्यांनी अंतरा घेतला. फाटला. दीर खाली बघायला लागला, तर त्या म्हणाल्या, "मान वर. ऐका. उणे एक." उणे एकवर फाटला. उणे दोनवर ताणून लागला, पण गळ्याला टोचला. उणे तीनवर आला, नेहमीसारखा, गोड. दिरानं सुटकेचा श्वास टाकला.

"आणखी एक खाली," तारबाई म्हणाल्या.

"वहिनी, गरज नाही."

"मी विचारलं नाही, सांगितलं."

उणे चारवर त्यांनी तेच गाणं सुरुवातीपासून गायलं. दिरानं तो आवाज पूर्वी कधी ऐकला नव्हता. खालचे सूर, जे आजवर नुसते वर जायच्या पायऱ्यांसारखे भराभर संपायचे, ते भरदार, सावकाश उभे राहत होते. वर जायचं तेव्हा आवाज चमकला नाही, पण हललाही नाही. दीर वाजवायचं विसरून नुसता बसून राहिला. फाइल आपली वाजत होती.

गाणं संपल्यावर तारबाई स्वतःच जरा चकित झाल्या. पाणी प्यायल्या. मग म्हणाल्या, पट्टी ही. पांढरी तीन. कुणी विचारलं तर मी सांगेन. पण लय मूळची पाहिजे. पट्टी मी सोडली, लय सोडणार नाही.

त्यासाठी त्यांनी खूप मेहनत घेतली. सकाळी बागेत भरभर चालत शब्द म्हणायच्या, धाप लागली की थांबायच्या, पुन्हा चालायच्या. श्वासाच्या जागा बदलल्या. नवरा एक दिवस न सांगता त्यांच्याबरोबर चालायला आला आणि त्यांनी त्याला हाकललं नाही. तेवढ्यावर दोघांचं बोलणं सुरू झालं.

पुढचा कार्यक्रम एका शाळेच्या शिक्षकांचा होता. माइक हातात घेऊन तारबाईंनी आधी सांगून टाकलं, की मला काळी चारची म्हणून ओळखतात, पण मी आता पांढरी तीनवर गाते. लोकांना त्यातलं फारसं कळलं नाही. कुणीतरी टाळ्या वाजवल्या म्हणून बाकीच्यांनी वाजवल्या. दिराचं मनगट मात्र अजून आखडलेलं होतं. मूळच्या लयीत त्याची बोटं मागे पडायला लागली. दुसऱ्या कडव्यात त्याचा डावा हात सवयीनं लयीच्या बटणाकडे गेला, मध्येच थांबला आणि त्यानं तारबाईंकडे बघितलं.

तारबाईंनी गाता गाता मान हलवली. नाही.

त्यानं हात मागे घेतला. काही सूर सुटले, काही चुकले, ड्रम आपले धावत राहिले. गाणं संपलं तेव्हा दोघंही धापा टाकत होते आणि दीर मनगट चोळत म्हणत होता, वहिनी, पुढचं गाणं जरा सावकाशीचं घ्या.