पॅलिएटिव्ह म्हणजे काय गं, ताई?

मी इंग्लंडला निघाले त्या दुपारी बाबा वसईजवळच्या होळी गावातल्या आमच्या वाडीत केळींना पाणी सोडत होते. रिक्षा दारात आली तरी बांधावरूनच म्हणाले, "तिकडं पानी उकळून पी." विमानतळावर ते आलेच नाहीत.

तिकडे मी वृद्धाश्रमात नोकरीला लागले. म्हाताऱ्यांच्या अंघोळी, जेवणं, औषधं, आणि ड्यूटी संपताना प्रत्येकाची नोंद इंग्रजीत. वसईच्या कॉलेजात माझं इंग्रजी चांगलं होतं, पण हे शब्द वेगळेच. 'लिस्टलेस' म्हणजे यादी नसलेला, असं मी समजले होते. तो निघाला मरगळून पडलेल्या माणसाचा शब्द. 'फ्रेल' म्हणजे नुसता बारीक नव्हे, जरा धक्का लागला तरी कोसळेल असा. हळूहळू सवय झाली. 'पॅलिएटिव्ह' तर मी चहाचे कप उचलता उचलता बोलू लागले.

गेल्या वर्षी बाबांना हॉस्पिटलात ठेवलं. माझ्या जेवणाच्या सुट्टीत धाकट्या भावाचा, संदेशचा फोन आला. आवाजात उत्साह होता.

"ताई, डॉक्टर म्हणाले, आता पॅलिएटिव्ह केअर देऊ. नवीन ट्रीटमेंट आहे का? मुंबईला न्यायला लागेल?"

मागून आई म्हणत होती, "विचार तिला, कधी बरे होतील?"

डबा तसाच उघडा राहिला. तो शब्द मी आपल्या भाषेत कधी बोललेच नव्हते. शेवटी म्हणाले, "संदेश, बाबा आता बरे व्हायचे नाहीत. त्यांना दुखू द्यायचं नाही, एवढंच आपल्या हातात आहे."

तो म्हणाला, "मग घरी नेऊ?"

"ने."

आईला त्याने काय सांगितलं, ते मी अजून विचारलेलं नाही.

रजा मिळाली, मी पोचले. परक्या म्हाताऱ्यांची बदलते तशी बाबांची कूस बदलली, ओल्या कापसाने ओठ पुसले.

"हे तिकडं शिकलीस?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मंग बरं झालं गेलीस."

त्या वाक्याने जो थकवा आला, तो अजून उतरलेला नाही. आठवडाभरात बाबा गेले, आणि मी परत कामावर.

आता आमच्या आळीत कुणाचाही रिपोर्ट आला की त्याचा फोटो मला येतो. बहुतेकदा घाबरण्यासारखं काही नसतं. मी तसं सांगते. पलीकडून कुणी काकी म्हणते, "तू आहेस म्हणून बरं आहे गं."

मी तिथे नाही, हे आता कुणाच्या लक्षातही येत नाही.